पटकथेतल्या बाईला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. ऐरोलीचा एक तरुण लेखक कौटुंबिक विनोदी चित्रपटाची पटकथा लिहितो आहे. घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे एका टॉवरमधलं मराठी कुटुंब. नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलगा इंग्रजी माध्यमात, घरात एक आजी. त्यांच्याकडे चोवीस तासांच्या कामाला पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातून आलेली बाई, आणि सोबत तिची अकरा वर्षांची मुलगी. या लेखकाने ‘स्पँग्लिश’ हा इंग्रजी चित्रपट पाहिला आणि तो त्याच्या मनात घर करून बसला. आता तो विचारतो : बाईवर न हसता हसू कसं आणायचं? भाषेचं काय करायचं? आणि मालक आणि बाई यांच्यात त्या चित्रपटासारखी ओढ दाखवायची का? सोबत त्याने पहिला खर्डा पाठवला. मी तो दोनदा वाचला. गेली पंचवीस वर्षं एकांकिका, मालिका आणि पटकथा लिहिते आहे, ठाण्यातच राहते आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

तुझ्या खर्ड्यातली मालकीण फार दुष्ट आहे. ती बिस्किटं मोजते, शिळी पोळी देते, चहाचा कप वेगळा ठेवते. हे सगळं घडतं, आपल्या शेजारच्या घरात घडतं, आणि ते दाखवायला माझी हरकत नाही. पण दुसऱ्याच प्रसंगात ती खलनायिका ठरली की प्रेक्षकाला सुटल्यासारखं वाटतं. ‘मी काही अशी नाही’ म्हणून तो खुर्चीत आरामात बसतो, आणि पुढचे दोन तास तुझा चित्रपट दुसऱ्या कुणाबद्दल तरी चाललेला असतो.

‘स्पँग्लिश’ पुन्हा पाहा, या वेळी वही घेऊन. जेम्स एल. ब्रूक्स यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला, 2004 चा. फ्लोर मेक्सिकोहून मुलीला घेऊन लॉस एंजेलिसला येते, कित्येक वर्षं स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या वस्तीतच काढते, इंग्रजी येत नाही. मुलगी मोठी व्हायला लागते तशी तिला संध्याकाळी मुलीजवळ असणं गरजेचं वाटतं, म्हणून ती दोन कामं सोडून क्लास्की कुटुंबाचं एकच काम धरते. मग उन्हाळा येतो, कुटुंब मालिबूला समुद्रकाठी घर घेतं आणि फ्लोरने तिथेच राहावं असं ठरतं. म्हणजे ज्या संध्याकाळीसाठी तिने काम बदललं, तीच संध्याकाळ मालकाच्या सोयीत जाते. मुलगी क्रिस्टिना सोबत येते, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

आता फ्लोरला काय काय दुखतं ते लिहून काढ. मालक जॉन मुलांना सांगतो, वाळूतल्या घासून गुळगुळीत झालेल्या काचा गोळा करा, मी पैसे देतो. क्रिस्टिना दिवसभर राबून ढीग जमवते आणि तिला सहाशे डॉलरच्या वर मिळतात. मालकीण डेबरा तिला आईला न विचारता बाहेर नेते, तिचे केस रंगवून आणते. पुढे ती आपल्या मुलीच्या महागड्या शाळेत क्रिस्टिनासाठी शिष्यवृत्तीची सोय करते. पैसे, लाड, शाळा. यातलं एकही कृत्य वाईट म्हणता येत नाही. सगळं देणंच आहे. आणि प्रत्येक देण्याबरोबर मुलगी आईच्या हातातून बोटभर सरकते. मालकांच्या चांगुलपणावर उभा राहिलेला हा संघर्ष आहे, म्हणून तो चांगल्या माणसालाही बोचतो.

ब्रूक्स यांनी फ्लोरलाही सोवळी ठेवलेली नाही, हे तुझ्या नजरेतून निसटलं असावं. डेबरा आपल्या जाड मुलीसाठी मुद्दाम एक माप लहान कपडे आणते, तिने वजन उतरवावं म्हणून. फ्लोर रात्री बसून त्या कपड्यांच्या शिवणी उसवते, मापात आणते, आणि ‘घालून तर बघ’ एवढं इंग्रजी वाक्य शिकून घेऊन त्या पोरीसमोर उभी राहते. आपले डोळे भरून येतात. पण न विचारता दुसऱ्याच्या मुलीच्या आयुष्यात हात घालणं तर तिनेही केलं! काचांच्या पैशांवरून भांडण होतं तेव्हा जॉन तिला हेच ऐकवतो. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की प्रसंग तोलला जातो. तुझ्या बाईकडून एक तरी असा हस्तक्षेप घडू दे, ज्यावर मालकिणीने चिडणं रास्त ठरेल.

चित्रपटात दोष आहेत. डेबराला इतकं उथळ आणि किंचाळणारं केलं आहे की ब्रूक्स यांनी जॉन आणि फ्लोरला दिलेली माया तिच्या वाट्याला येतच नाही. आणि फ्लोर सुंदर, सचोटीची, कष्टाळू, सगळ्यांत शहाणी. तिला कंटाळा येत नाही, ती कामचुकारपणा करत नाही, खोटं बोलत नाही. कामाची बाई देवी झाली की तीही माणूस उरत नाही.

ही देवीची सवय आपल्याकडे जुनी आहे. 1963 च्या ‘मोलकरीण’मध्ये सुलोचनाबाईंनी मुलाच्याच घरी मोलकरीण होऊन राबणारी आई केली, आणि ‘देव जरी मज कधी भेटला’ हे त्यातलं गाणं लिहिलं पी. सावळाराम यांनी, जे आपल्या ठाण्याचे नगराध्यक्षही होते. माझी आई ते गाणं लागलं की हातातलं काम थांबवायची. मला त्या परंपरेबद्दल आदरच आहे. पण तिथे मोलकरीण ही मुळात आई आहे, मोलकरीण होणं ही तिच्यावर आलेली पाळी. पगार, सुट्टी, खाडा, उचल या गोष्टींचा तिच्या दुःखाशी संबंध नाही. तुझ्या बाईचा असायला हवा. ती कामाला आलेली आहे, आणि काम हा तिचा व्यवहार आहे.

म्हणून मुलाखतीचा प्रसंग सगळ्यात आधी नव्याने लिही. तुझ्या खर्ड्यात एजंट तिला आणून सोडतो आणि पुढच्या दृश्यात ती पोळ्या लाटते आहे. मधला सगळा सोन्यासारखा मजकूर तू टाकून दिलास. चोवीस तासांची बाई ठेवताना घरात काय काय बोललं जातं आठव. पगार किती, त्यातून एजंटचे किती, पहिल्या महिन्याची उचल, महिन्याला दोन सुट्ट्या की चार, गावी जायची रजा कधी, दिवाळीला एक पगार बोनस की दुर्गापूजेला, आजीचं अंघोळपाणी कामात धरलं की नाही, मासे चालतात का, मोबाईल कधी वापरायचा, झोपायचं कुठे, न्हाणीघर कोणतं. आणि मग सगळ्यांत अवघड : मुलगी. मालकीण मनातल्या मनात एका जास्तीच्या ताटाचा हिशेब करते आणि तोंडाने ‘अगं, त्यात काय, ती आमच्या आर्यनसारखीच’ म्हणते. त्या वाक्याचं ओझं पुढे चित्रपटभर वाहता येईल. हसू इथेच आहे, भरपूर आहे, आणि ते बाईवर नाही. घासाघीस करायची लाज वाटणाऱ्या आणि तरीही घासाघीस करणाऱ्या सुशिक्षित माणसांवर आहे. बाई मात्र या खोलीत सगळ्यांत तयारीची असू दे. तिने अशा पाच मुलाखती दिल्या आहेत, यांनी पहिलीच घेतली आहे.

कागदपत्रांचा एक क्षणही इथे ठेव. बांगला बोलणाऱ्या बाईकडे हल्ली गेटवरच आधार कार्ड मागतात आणि ते उलटसुलट करून बघतात. तिने ते मागण्याआधीच पिशवीतून काढून टेबलावर ठेवावं. संवाद नको.

आता भाषा. ‘स्पँग्लिश’मध्ये फ्लोरच्या स्पॅनिशला उपशीर्षकं नाहीत. इंग्रजी प्रेक्षकाला तिचं बोलणं जॉनइतकंच अगम्य राहतं. काचांच्या भांडणात क्रिस्टिना मध्ये उभी राहून दोघांचं बोलणं इकडून तिकडे पोचवते, आणि नुसते शब्द नाही, आईचे हातवारे, चाल, सगळं हुबेहूब. आपण हसत असतो आणि त्याच वेळी कळतं की आईचा राग मुलीला तिच्याच तोंडून, तिच्याच विरुद्ध, परक्या माणसासमोर बोलावा लागतो आहे. पोरीच्या खांद्यावर हे ओझं टाकणं क्रूर आहे, आणि ते पाहताना हसू थांबत नाही. या एका प्रसंगात तुझ्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आहेत.

तुझ्याकडे त्याहून गुंतागुंतीची सामग्री आहे, कारण तुझ्या घरात तीन भाषा आहेत. मालक आणि बाई दोघंही मोडक्या हिंदीत भेटतात. ती हिंदी दोघांचीही नाही. खर्ड्यात तू बाईच्या हिंदीवर विनोद केले आहेस : ‘हम आता है’, ‘पानी खाएगा’. ते काढून टाक. मालिकांनी ते झिजवून टाकले आहेत, आणि आपल्या मालकाची हिंदी काही काशीहून आलेली नाही. ‘वो खिडकी का काच पुसो’ म्हणणाऱ्याने दुसऱ्याच्या हिंदीवर काय हसायचं?

त्याऐवजी बांगला आणि मराठी शेजारी ठेवून ऐक. बांगलात ‘बालिश’ म्हणजे उशी. बाई सकाळी आजीच्या खोलीतून येऊन ‘मासीमाका बालिश’ असं काहीतरी सांगते, उशी उन्हात टाकू का विचारते, आणि सूनबाईला वाटतं ही सासूबाईंना बालिश म्हणते आहे. सूनबाईला ते मनातून पटतं, म्हणून ती घाईघाईने विषय बदलते. ‘लंका’ म्हणजे मिरची. बाजारातून लंका आणायची म्हटल्यावर घरात काय होईल ते तूच लिही. हे विनोद दोन भाषांमधले आहेत, त्यांत कुणी अडाणी ठरत नाही.

आणि मग या दोघींना एक दिवस सापडू दे की काही शब्द थेट जुळतात, हिंदीची गरजच नाही. बांगलात ‘राग’ म्हणजे राग. आपलाच राग. हिंदीत तो शब्द गाण्याकडे किंवा आसक्तीकडे जातो, म्हणून दोघी इतके महिने ‘गुस्सा’ म्हणत राहिल्या. ‘उपोस’ म्हणजे उपास. एकादशीला आजी ताट बाजूला सारते, बाई विचारते, ‘उपोस?’ आणि आजी चमकून वर बघते. संबोधनंही बघ. आपण कामाच्या बाईला ‘मावशी’ म्हणतो, आणि ती बांगला रिवाजाने आजीला ‘मासीमा’ म्हणते. दोघी एकमेकींना मावशीच म्हणताहेत. हे कुणी पात्राने समजावून सांगू नये. फक्त दोन हाका एका दृश्यात ऐकू येऊ देत.

मुलीकडे वळते, कारण तुझ्या कथेची किल्ली तिच्याकडे आहे. ती अकरा वर्षांची आहे, म्हणजे सहावीला. ठाण्यात आल्यावर तिला महापालिकेच्या मराठी शाळेत घातली असं दाखव. वर्षभरात ती फर्डं मराठी बोलायला लागेल. मी सावरकरनगर, लोकमान्यनगरच्या शाळांमध्ये नाट्यशिबिरं घेतली आहेत. परप्रांतातून आलेली मुलं स्नेहसंमेलनात पोवाडा म्हणताना मी ऐकली आहेत, आणि त्यांचा ‘ळ’ इतका स्वच्छ की ऐकत राहावं. इकडे आर्यनला ‘एकोणसाठ’ म्हणजे किती ते कळत नाही. आजीला पुस्तक वाचून दाखवायला, तिच्याशी गप्पा मारायला घरात मराठी येणारं एकच मूल असेल, आणि ते बाईचं असेल. यात केवढा आनंद आहे, केवढी गंमत आहे, आणि आर्यनच्या आईच्या पोटात केवढा खड्डा पडतो! तिचा मुलगा तिच्या सासूपासून तुटला आहे हे दुसऱ्याच्या मुलीमुळे उघडं होतं.

इथून मालकिणीला शाळेची कल्पना सुचू दे. ‘एवढी हुशार मुलगी, आपल्या शाळेत घालूया.’ तुझ्या खर्ड्यात ती आरटीईतून सहज प्रवेश मिळवून देते. तसं होणार नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यातला खासगी शाळांमधला 25 टक्के राखीव जागांचा प्रवेश सुरुवातीच्या वर्गात होतो, पहिलीत किंवा त्याआधीच्या शिशुवर्गात. सहावीच्या मुलीला ते दार बंद आहे. ही अडचण तुझ्या फायद्याची आहे. हक्काने मिळत नाही म्हटल्यावर उरतात दोनच वाटा : मालकिणीने विश्वस्तांकडे शब्द टाकायचा किंवा स्वतः फी भरायची. दोन्हींमध्ये ते उपकार होतात. उपकाराखालच्या बाईला सुट्टी मागताना, पगारवाढ मागताना, काम सोडताना दहा वेळा विचार करावा लागतो. मालकिणीच्या मनातही नसताना तिने बाईला बांधून टाकलेलं असतं. आणि मुलगी? तिला तो निळा ब्लेझर हवा आहे. मनापासून हवा आहे. आईने ‘नको’ म्हटलं तर ती आईचा तिरस्कार करेल. फ्लोरची कोंडी हीच होती, फक्त ती इथे घोडबंदर रोडच्या मातीतून उगवली पाहिजे.

एक गोष्ट अजिबात करू नकोस. तुझ्या खर्ड्यात मुलगी पाहुण्यांना चहा देते, भांडी आवरते, आणि ते गोड म्हणून दाखवलं आहे. 14 वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. ती मालकांच्या ट्रेला हात लावते तो क्षण आईने पाहावा आणि एक शब्द न बोलता ट्रे तिच्या हातातून काढून घ्यावा. तिथे मला बाई कोण आहे ते कळेल.

ओढीचा प्रश्न मी लवकर संपवते. नको. ‘स्पँग्लिश’मध्ये जॉन आणि फ्लोर एका रात्री त्याच्या उपाहारगृहात बसतात, तो तिच्यासाठी रांधतो, आणि दोघं थांबतात. ते संयमाने लिहिलं आहे, तरी मला तो चित्रपटाचा सगळ्यांत कच्चा भाग वाटतो, कारण तोवर गोष्ट आई आणि मुलीची होती. तुझ्याकडे तर बाई त्यांच्याच छताखाली झोपते. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने घरकाम करणारीसाठी मालकाचं घर हेच कामाचं ठिकाण धरलं आहे. जिथे ‘नाही’ म्हटलं तर नोकरीबरोबर निवाराही जातो, तिथे नाजूक नजरानजर लिहिणं मला जमणार नाही. तुझ्या चित्रपटातलं प्रेम आजी आणि बाई यांच्यात आहे, ते तू अर्धं लिहूनही ठेवलं आहेस. तेच फुलव.

हातांबद्दल सांगते. माझ्या एका एकांकिकेत कामवाल्या बाईची मोठी भूमिका होती. गडकरी रंगायतनला प्रयोग झाल्यावर आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या एक ताई मला भेटायला आल्या, मीच त्यांना बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, ‘बाई चांगली बोलते हो, पण तासभरात एकदाही तिने हात पुसला नाही.’ तेव्हापासून मी बाईचं पात्र लिहायला घेण्याआधी तिचं दिवसाचं वेळापत्रक लिहिते. पाणी किती वाजता येतं, मशीन कधी लावायची, आजीची गोळी, कुकरच्या शिट्ट्या, ओला-सुका कचरा बाहेर कधी ठेवायचा. संवाद त्या कामांच्या फटीतून यायला हवेत. भांडं घासता घासता बोललेलं वाक्य लहान असतं. बोलणं महत्त्वाचं झालं की नळ बंद होतो, आणि नळ बंद झाला की प्रेक्षक कान टवकारतो. तुला पार्श्वसंगीताची गरज पडणार नाही.

तयारीसाठी बायकांशी बोल, पण त्यांच्या वेळेने. दुपारी दोन ते चार या वेळात अनेकींची सकाळची कामं उरकलेली असतात आणि संध्याकाळची सुरू व्हायची असतात. कायदाही वाचून ठेव. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम 2008 मध्ये झाला, 18 ते 60 वयाच्या बाईची त्यात नोंदणी होते. पण आठवड्याची पगारी सुट्टी तिला द्यायलाच हवी असं त्यात कुठे नाही. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार 2011 मध्ये झाला, भारताने बाजूने मत दिलं आणि नंतर त्याला मान्यता दिली नाही. हे पात्रांच्या तोंडी घालू नकोस. तिची रविवारची सुट्टी मालकिणीच्या मूडवर का अवलंबून असते, ते तुला कळावं म्हणून सांगते.

शेवट. ‘स्पँग्लिश’मध्ये फ्लोर काम सोडते आणि शाळाही सोडवते. मुलगी रस्त्यात रडते, ओरडते, आईला जवळ येऊ देत नाही. मग आई तिला विचारते, तुला माझ्यापेक्षा अगदी वेगळं कुणीतरी व्हायचं आहे का? हा सगळा चित्रपट म्हणजे पुढे मोठ्या झालेल्या क्रिस्टिनाने प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रवेशअर्जासोबत लिहिलेला निबंध आहे, म्हणून आपल्याला ठाऊक असतं की पोरगी वाया गेली नाही. ही चौकट आईच्या नकाराला वाचवते. तुझ्या मुलीला विद्यापीठात पाठवायची गरज नाही. तुझ्या खर्ड्यात सोसायटीच्या गणपतीत बाईचा सत्कार होतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. तो प्रसंग काढ. सत्कार करणारे मालकच असतात, आणि शेवटी निर्णय त्यांच्याच हातात राहतो.

बाईने शाळेला नको म्हणावं की हो म्हणावं, हे मी ठरवणार नाही. पण ते तिने ठरवावं, पगाराच्या दिवशी, मालकिणीच्या समोर, आणि त्या वेळी दुभाषी म्हणून मुलगी मध्ये उभी नसावी. तोवर बाईला तेवढं मराठी आलेलं असू दे. ते वाक्य चुकलेलं असलं तरी चालेल. मालकिणीने ते दुरुस्त करू नये.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा पहिल्या दहा पानांत मला कुणी न सांगता कळलं पाहिजे : तिचा पगार किती, सुट्टी कोणत्या वारी, आणि रात्री मुलीला कुशीत घेऊन ती त्या घरात नेमकी कुठे झोपते.